पानात येणारी आरास : लातूरमधील एका घरगुती सेवेचे परीक्षण

गेल्या फेब्रुवारीत आमच्या अप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त लातूरच्या घरी गच्चीवर मांडव घालून सात टेबलांवर छप्पन्न पाहुण्यांना जेवायला बसवायचे ठरले. स्वयंपाक कोण करणार हे एका बैठकीत ठरले; मात्र प्रत्येक टेबलाच्या मधोमध काय मांडायचे यावर घरात दोन आठवडे चर्चा चालली. वहिनीला फुलदाण्या हव्या होत्या, भावाला काहीच नको होते, आणि मला तेथे खाण्याचेच जिन्नस हवे होते, असे की जे जेवण होईपर्यंत डोळ्यांना सुखावतील आणि जेवण झाल्यावर पाहुण्यांच्या हातात जातील. शेवटी औसा तालुक्यातील एका गावच्या बचत गटातील तीन महिलांना हे काम दिले. त्या मूळच्या पापड, शेवया, कुरडया आणि दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या. काही वर्षांपासून लग्नाचे रुखवत मांडून देतात आणि अलीकडे पंगतीच्या टेबलांसाठी खाद्यपदार्थांची आरासही करू लागल्या आहेत. या सेवेविषयी मी सविस्तर लिहीत आहे, कारण अशा सजावटीवर आपल्या भागात आता बराच पैसा खर्च होऊ लागला आहे आणि तो कशावर व्हावा याबद्दल माझे मत ठाम आहे : मांडलेला जिन्नस शेवटी कोणाच्या तरी पोटात गेला पाहिजे.

या लेखात दोन व्यावसायिक येतात आणि दोघांचीही नावे मी दिलेली नाहीत. पहिल्याबाबत माझी तक्रार आहे, आणि एका कार्यक्रमावरून कोणाच्या धंद्यावर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही. दुसऱ्या महिलांनी आपला पत्ता ओळखीच्या माणसांपुरताच ठेवण्याची विनंती केली आहे, कारण महिन्याला चार-पाचपेक्षा अधिक कामे त्यांना झेपत नाहीत. तरीही अशी सेवा घेताना काय विचारावे आणि काय तपासावे हे वाचकांना या दोन अनुभवांवरून ठरवता येईल.

पहिला अनुभव दोन वर्षांपूर्वीचा, छत्रपती संभाजीनगरमधील एका मंगल कार्यालयातला. पुतण्याचा साखरपुडा होता, मे महिना होता आणि पारा चाळिशीच्या पुढे गेलेला होता. सजावटीचे काम घेतलेल्या मंडळींनी प्रत्येक टेबलावर अननसाच्या पानांचा पिसारा केलेला मोर, कलिंगडात कोरलेली गुलाबे, पपईचे हंस आणि त्यांच्याभोवती केशर आंब्यांचा ढीग अशी मांडणी केली होती. कोरीवकाम कुशल हातांचे होते, हे मान्य केलेच पाहिजे. फळे आणि भाज्या कोरण्याची कला थायलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे आणि आपल्याकडची तरुण मुलेही ती आता चांगली शिकली आहेत. परंतु ही सारी फळे आदल्या रात्रीच कापून, फुलवाले वापरतात त्या हिरव्या स्पंजात दातकोरण्यांनी खोचून ठेवलेली होती. तो स्पंज म्हणजे फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बनवलेला प्लास्टिकचा फेस असतो. फुलांचे देठ धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. बोट लावताच त्याची पूड होते आणि ती पूड ओल्या फळाला चिकटते. कापलेले फळ बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर तासाभरात संपवावे किंवा टाकून द्यावे, असा अन्नसुरक्षेचा नियम सांगितला जातो. तेथील मोर आणि हंस पाहुणे येण्याआधीच बारा तासांचे झालेले होते.

आंब्यांवर वर्ख लावलेला होता. माझ्या आतेबहिणीने त्याचा एक कपटा दोन बोटांत चोळून पाहिला. चांदीचा अस्सल वर्ख चोळला की त्याची पूड होऊन तो दिसेनासा होतो, आणि अॅल्युमिनियमचा असेल तर त्याच्या बारीक गोळ्या वळतात. तेथे गोळ्या वळल्या. त्यानंतर आम्ही टेबलावरच्या कोणत्याही फळाला मुलांना हात लावू दिला नाही. फळांच्या मध्ये खोचलेली कार्नेशनची फुले तर साखरपुड्याचा मुहूर्त लागण्यापूर्वीच मिटून माना टाकून बसली होती. उन्हाचा त्यात वाटा असेल, परंतु पिकलेले आंबे आणि पपई इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि कार्नेशनच्या फुलांना तो अजिबात सोसत नाही, हे सजावटीचा व्यवसाय करणाऱ्याला माहीत असायला हवे होते.

चार वाजता पाहुणे गेल्यावर कार्यालयाच्या मुलांनी ते सगळे काळ्या पिशव्यांत भरले. त्या पिशव्यांत जाणारे केशर आंबे मी पाहिले आणि ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेले नाही. मराठवाड्याच्या केशर आंब्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जालना जिल्ह्यातील माझ्या मामांची मोसंबीची बाग २०१३ च्या दुष्काळात वाळली, तेव्हा विकतच्या टँकरने अखेरपर्यंत जगवलेली झाडे त्यांना स्वतःच्या हाताने तोडावी लागली. ज्या प्रदेशात एकेका झाडाला पाणी पाजताना माणसे कर्जबाजारी झाली, त्या प्रदेशात बहराचे फळ स्पंजात खोचून संध्याकाळी कचऱ्यात टाकणे हा माझ्या लेखी केवळ गैरव्यवस्थेचा प्रश्न नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंत घरांत अननस इतके महाग होते की काही लोक ते मेजवानीपुरते भाड्याने आणून टेबलावर ठेवत आणि न कापता परत करत, असे म्हणतात. तेथे निदान ते फळ पुढे कोणीतरी खात होते.

वास्तविक खाण्याच्या जिनसांनी आरास करणे ही आपल्याला कोणाकडून शिकावी लागणारी गोष्ट नाही. लग्नातले रुखवत म्हणजे दुसरे काय असते? लाडवांचे मनोरे, पापडांची कमळे, कुरडयांची उतरंड, डाळी आणि तांदळांची रांगोळी, चिरोट्यांची फुले, आणि हे सारे पाहून झाल्यावर वरपक्षाच्या घरी जाऊन महिनाभर ताटात येते. माझ्या आईच्या रुखवतातील कुरडया सासरी पुरवून पुरवून वापरल्या गेल्या, ही गोष्ट ती अजूनही अभिमानाने सांगते. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा मुखवट्यांच्या वर फुलोरा बांधतात : करंज्या, पापड्या, आणि कणकेच्या किंवा मैद्याच्या तळलेल्या वेणी, फणी, कुंकवाचा करंडा. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचे विसर्जन झाले की फुलोरा उतरतो आणि मुलांची झुंबड उडते. नवरात्रात घटावर कडकण्यांची माळ सोडतात. संक्रांतीनंतर तान्ह्या बाळाला बोरन्हाण घालताना बोरे, उसाचे तुकडे, हरभरे आणि चुरमुरे त्याच्या डोक्यावरून सांडतात आणि भोवतीची पोरे ते वेचून खातात. या प्रत्येक प्रसंगात खाद्यपदार्थ आधी शोभा देतो आणि नंतर वाटला जातो, आणि वाटला जाणे हा विधीचाच भाग असतो. मला टेबलाच्या मधोमध हेच हवे होते.

बचत गटाच्या तिघी कार्यक्रमाच्या बारा दिवस आधी घरी आल्या. त्यांतील ज्येष्ठ, ज्यांना आम्ही मावशी म्हणू लागलो, त्यांनी प्रथम गच्ची पाहिली, दुपारी ऊन कोणत्या बाजूने येते ते विचारले, टेबलाची रुंदी वितीने मोजली आणि मग प्रश्नांची यादीच सुरू केली. जेवणात काय आहे, गोड काय आहे, पाहुण्यांत साखरेचा आजार असलेले किती, दात नसलेले म्हातारे किती, पाच वर्षांखालची मुले किती, शेंगदाणा कोणाला चालत नाही का. सजावट करणाऱ्या कोणाही माणसाने मला आजवर हे प्रश्न विचारले नव्हते. जेवणात शेंगदाण्याची चटणी आणि शेंगापोळी आहे असे समजल्यावर त्यांनी आरासेतून शेंगदाण्याच्या लाडवांची संख्या कमी केली आणि माझ्या भाचीला शेंगदाणा वर्ज्य आहे हे ऐकून ती बसणार त्या टेबलावरून ते पूर्ण काढून टाकले.

मी स्ट्रॉबेरी आणि किवीचे नाव काढले तेव्हा मावशींनी शांतपणे नकार दिला. "ताई, शिवारात जे हाय त्येच मांडू. लांबून आणलेलं निस्तं बघायचंच ऱ्हातंय." फेब्रुवारीच्या शिवारात पुष्कळ काही असते. ज्वारी हुरड्यातून पुढे सरकत असली तरी उशिरा पेरलेल्या रानात हिरवी कणसे मिळतात, हरभऱ्याला घाटे भरलेले असतात, करडई फुलावर असते, ऊस उभा असतो, द्राक्षे उतरू लागतात, चिंच गाभुळलेली असते आणि जालन्याकडे मोसंबीचा मृग बहर निघू लागतो. मला बीडची सीताफळे फार आवडतात, म्हणून तीही विचारून पाहिली. पण सीताफळाचा हंगाम दिवाळीच्या आसपास संपतो, आणि हंगाम असता तरी झाडावरून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडणारे हे फळ नेमक्या दिवशी नेमके हवे तसे राहील याची हमी देता येत नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांची निवड अनुभवातून आलेली होती, आणि तिला शास्त्राचा आधारही आहे. मोसंबी, डाळिंब आणि द्राक्ष ही फळे तोडल्यानंतर पुढे पिकत नाहीत, त्यामुळे ती चार दिवस आहेत तशी राहतात आणि शेजारच्या हिरव्या पाल्यालाही त्रास देत नाहीत. केळी आणि पपई त्यांनी मुद्दाम वगळली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडलेली आरास अशी होती. अप्पांचे टेबल सोडून उरलेल्या सहा टेबलांवर मधोमध केळीचे पान अंथरून त्यावर बांबूचे कोरे सूप ठेवले होते. सुपाच्या मागच्या कडेला ज्वारीच्या पाच हिरव्या कणसांची जुडी, तीही सुतळीऐवजी केळीच्या सोपटाने बांधलेली. तिला टेकून हरभऱ्याचे डहाळे, घाट्यांसकट, ओल्या फडक्यातून नुकतेच काढल्यासारखे टवटवीत. पुढच्या बाजूला चार मोसंब्या, एक डाळिंब, हिरव्या आणि काळ्या द्राक्षांचा एकेक घड. एका मातीच्या बोळक्यात बोरे, दुसऱ्यात पानचिंचोलीकडची गाभुळलेली चिंच आणि सोबत चिमूटभर मीठ-तिखट. मध्ये किलोभराची गुळाची ढेप आणि तिच्या भोवती तिळाच्या वड्या आणि लाडू. रंगांसाठी वेगळे काही करावे लागले नव्हते, कारण डहाळ्यांचा हिरवा, मोसंबीचा पिवळट, करडईच्या फुलांचा केशरी आणि गुळाचा तांबूस रंग एकमेकांना पुरेसे होते. एका सुपात वसमतच्या ओल्या हळकुंडांची एक जाडजूड फणी होती. ती पाहून शेजारच्या टेबलावरच्या काकू उठून आल्या आणि लोणच्यासाठी ती कोणी घेणार नसेल तर मला द्या म्हणाल्या. पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याची माहिती बहुतेक पाहुण्यांना नव्हती. मावशींनी ती प्रत्येक टेबलावर बोलता बोलता सांगितली, तेही आपल्या शिवारातल्या माणसाचे कौतुक करावे तशा सुरात.

उसाच्या सोललेल्या गंडेऱ्या मात्र आधीपासून मांडल्या नाहीत. त्या खाली स्वयंपाकघरात झाकून ठेवल्या आणि जेवण संपत आल्यावर सुपात आणून ओतल्या, कारण कापलेल्या उसावर माश्या बसतात आणि त्याचा रंग लालसर पडतो. संपूर्ण आरासेत कापून उघडे ठेवलेले असे एकही फळ नव्हते. डाळिंबे अखंड होती आणि ती फोडण्यासाठी मावशींच्या सोबतची सून चाकू आणि वाडगी घेऊन टेबलाटेबलाने फिरली. द्राक्षे आदल्या संध्याकाळी वाहत्या पाण्याखाली धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी केलेली होती, कारण घड ओला राहिला तर देठाशी बुरशी धरतो. फुलांच्या बाबतीतही त्यांचे नियम कडक आहेत. बाजारातला झेंडू आणि शेवंती त्या खाण्याच्या जिनसांना टेकू देत नाहीत, कारण त्यांवर काय फवारलेले आहे ते सांगता येत नाही. आणि कण्हेर, धोतरा किंवा रुईचे पान-फूल तर ताटाच्या आसपासही नको, कारण ही झाडे विषारी आहेत. हल्ली गुलाबी कण्हेरीच्या फांद्या सजावटीत सर्रास दिसतात, म्हणून हा मुद्दा मी येथे आवर्जून नोंदवते आहे. मावशींनी शोभेसाठी आंब्याची डहाळी, केळीचे पान आणि करडईची फुले यांपलीकडे काही वापरले नाही.

अप्पांच्या टेबलावरचा फुलोरा हा या कामाचा सर्वांत सुंदर भाग होता. वेताची एक कमान उभी करून तिला करंज्या, पापड्या, वेणी, फणी आणि करंडा दोऱ्यांनी टांगलेले होते. खाली पितळी परातीत तूरडाळ, मसूर, मूग आणि तांदूळ यांची चंद्राच्या आकाराची नक्षी होती आणि परातीच्या काठाशी कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे. महालक्ष्मीच्या फुलोऱ्याखाली माणसाने बसावे का, अशी शंका आईने आधी काढली होती. तेव्हा मावशींनी तिला समजावले की हा देवाचा फुलोरा नाही, त्यात कुंकू-हळद नाही आणि तो बांधताना कोणताही विधी केलेला नाही. तरीही आईच्या मनात किंतू राहिला असता तर त्यांनी कमान काढून ठेवायची तयारी दाखवली होती. ज्या घरात काम करायचे त्या घरच्या वडीलधाऱ्यांचे मन पाहण्याची ही रीत मला मोलाची वाटली. नंतर आईनेच पहिली करंजी तोडून अप्पांच्या हातात दिली. डाळींची नक्षी संध्याकाळी एकत्र गोळा केली, निवडली आणि दुसऱ्या दिवशी भिजवून तिची धिरडी केली. परातीजवळच्या निरांजनातील तुपाचे थेंब पडलेला मूठभर भाग मात्र काढून टाकावा लागला. निरांजन परातीपासून हातभर दूर ठेवले असते तर तेही वाचले असते.

उणिवा सांगितल्याशिवाय परीक्षण पुरे होत नाही, आणि उणिवा होत्या. तिघी ठरल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटे उशिरा पोहोचल्या, त्यामुळे शेवटची दोन सुपे पाहुणे आल्यावर त्यांच्यादेखत भरली गेली. कणसांच्या जुड्या सुरुवातीला दोन फूट उंच होत्या आणि समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते; अप्पांच्या एका जुन्या मित्रांनी, "एवढं उंच कशाला ठिवायचं? समोरच्याचं तोंड तर दिसू द्या," असे म्हटल्यावर ती घाईने कापून वीतभर करण्यात आली. बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या वर आरास जाऊ नये, हे मांडणीच्या आधीच ठरलेले असायला हवे. कणसे कापताना त्यांची कूस टेबलावर उडाली आणि दोन पाहुण्यांच्या मानेला खाज सुटली. हुरड्याच्या रानात हे चालते, कार्यक्रमाचे नवे कपडे घातलेल्या माणसांना ते सोसत नाही. करडईच्या फुलांना काटे असतात आणि ती मुलांच्या टेबलावर ठेवणे ही चूकच होती, कारण चार वर्षांच्या नातवाच्या बोटात काटा गेला आणि तो पंगत संपेपर्यंत मुसमुसत राहिला. मावशींना हे सांगितले तेव्हा त्यांनी स्वतः त्याचा काटा काढला आणि यापुढे मुलांच्या टेबलावर करडई ठेवणार नाही असे वहीत लिहून घेतले. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागू नयेत म्हणून तिच्याखाली पाण्याची ताटली ठेवण्याची युक्ती चांगली होती, परंतु एका सुपात ती सांडली आणि तिळाच्या सात-आठ वड्या भिजल्या. बोरांत किडकी बोरे बरीच निघाली. बोर बाहेरून पाहून ओळखता येत नाही हे खरे, तरी त्यांनी ती एकदा निवडून घेतली असती तर बरे झाले असते.

सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच होती आणि तिचे उत्तर त्यांनी ज्या प्रकारे दिले त्यामुळे माझा या सेवेवर विश्वास बसला. सुपे इतकी देखणी दिसत होती की जेवण अर्ध्यावर आले तरी कोणी त्यांना हात लावेना. आपल्याकडे मांडलेली वस्तू यजमानाने म्हटल्याशिवाय उचलण्याचा संकोच असतो, आणि आरास असेल तर तो दुप्पट होतो. ताक वाढून झाल्यावर मावशी स्वतः एका टेबलाजवळ गेल्या, कणसांच्या जुडीचे सोपट त्यांनी सोडले, डहाळे मोकळे केले, एक घाटा सोलून शेजारच्या आजोबांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या, आता ह्ये तुमचं." मग प्रत्येक टेबलावर जुडी सुटली. पुढचा पाऊण तास कोणी उठले नाही. हात घाटे सोलत राहिले आणि बोलणे वाढत गेले. औसा भागातून आलेल्या मंडळींनी येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दिवसांच्या, रानातल्या कोपीच्या, भज्जीच्या आणि आंबिलाच्या आठवणी काढल्या, आणि शहरात वाढलेल्या मुलांनी घाटा कसा दाबून फोडायचा हे त्यांच्याकडून शिकून घेतले. अप्पांना हल्ली कमी ऐकू येते, त्यामुळे मोठ्या गर्दीत ते गप्प बसून राहतात. त्या दिवशी ते चिंचेचे बोटुक सोलून शेजारच्याला देत होते, घाटे निवडत होते आणि हातातल्या त्या कामाच्या आधाराने सगळ्यांच्यात होते. टेबलावर फुलदाणी असती तर हे घडले नसते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

संध्याकाळी मी मोजले. चोवीस मोसंब्यांपैकी पाच उरल्या, द्राक्षांचा एकही घड उरला नाही, सहापैकी चार डाळिंबे फोडली गेली आणि गुळाच्या सहा ढेपांपैकी तीन पाहुण्यांनी वाटून घरी नेल्या. हरभऱ्याचा पाला आणि उसाची चोयटी शेजारच्या गोठ्यात गेली. कणसे कोवळी होती ती भाजून खाल्ली, निबर निघाली ती गॅलरीत चिमण्यांसाठी टांगली. कचऱ्याच्या डब्यात गेले ते किडकी बोरे, भिजलेल्या वड्या आणि तुपाचा तो मूठभर भाग.

खर्चाचा हिशेब असा : सहा सुपांचे प्रत्येकी ६५० रुपये म्हणजे ३,९००, फुलोऱ्याचे १,८०० आणि येण्याजाण्याचे ४००, एकूण ६,१०० रुपये. संभाजीनगरच्या कार्यक्रमात एका टेबलाला २,२०० रुपये मोजले होते. मावशींनी २,००० रुपये आगाऊ घेतले आणि हाताने लिहिलेली, जिन्नस व नगांसह पूर्ण यादी दिली, ज्यात कोणता जिन्नस मिळाला नाही तर त्याऐवजी काय येईल हेही नमूद होते. फराळाच्या पदार्थांसाठी त्यांच्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आहे आणि तिचा चौदा अंकी क्रमांक त्यांनी मागितल्याबरोबर दाखवला. कोणाकडूनही खाण्याची आरास घेताना हा क्रमांक अवश्य मागावा. सुपे, बोळकी आणि परात तिसऱ्या दिवशी परत न्यायला त्या आल्या, आणि न फुटलेल्या बोळक्यांची अनामत त्यांनी जागेवर परत केली.

त्या लातूर शहर आणि औसा तालुका यांपलीकडे काम घेत नाहीत. पंधरा टेबलांपेक्षा मोठा कार्यक्रम असेल तर स्पष्ट नाही म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या मांडवात फळांची सुपे मांडायला त्यांची तयारी नसते. त्या दिवसांत त्या कुरडया, पापड, शेवया आणि डाळींची कोरडी आरास सुचवतात, आणि आंबे हवे असतील तर ते अखंड, टोपलीत, पाहुणे पानावरून उठताना एकेक हातात देण्यासाठी. माझ्या भाचीचे डोहाळजेवण ऑक्टोबरमध्ये आहे. त्यासाठी मी आताच सांगून ठेवले आहे : करडई नको, बोरे नकोत, कणसे असतील तर वीतभरच, निरांजन दूर, आणि बीडची सीताफळे हवीत, त्या दिवशी सकाळी हाताला नरम लागतील अशी.